वाघोटन खाडीतला तांडेल: सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दी पूर्वजाचा माग

खाडीकाठचा:

नमस्कार मंडळी,

गेल्या मे महिन्यात गावच्या घराची कौलं उतरवली. माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती. तिच्या तळाशी आजीच्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेल्या दोन वस्तू मिळाल्या, म्हणून हा धागा.

आमचं गाव वाघोटन खाडीच्या काठी, विजयदुर्गापासून थोडं आत. खडकात खोदलेली जुनी आरमारी गोदी ज्या खाडीत आहे, तीच ही खाडी. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आली आहे. माझ्यापासून मागे मोजत गेलं तर आठवा पुरुष मराठी आरमाराचे सरदार आनंदराव धुळप यांच्याकडे तांडेल (खलाशांचा म्होरक्या) होता आणि इंग्रजांच्या लढाईत पडला. आजी सांगायची, "आमचो आजो तांडेल होतो. इंग्रजाच्या लढायेत गेलो तो परत इलोच नाय." त्याचं नाव वंशावळीत आहे, पण मृत्यूची तिथी कुणालाच ठाऊक नाही. म्हणून त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला वाढतात. लहानपणी मी ते पान कावळ्यासाठी परसात नेऊन ठेवत असे.

आता त्या दोन वस्तू.

पहिली म्हणजे शिशाचा ओळंबा. वीतभर लांब, वर निमुळता, दोरी ओवायला भोक. हातात घेतला की मनगट खाली जातं इतका जड. तळाला अंगठ्याएवढा खळगा आहे. माझ्या मासेमार मित्राने तो बघताक्षणी ओळखला. पाण्याची खोली मोजायचा हा ओळंबा. खळग्यात चरबी भरून तो खाली सोडायचा, वर ओढला की चरबीला तळाची वाळू, चिखल किंवा शिंपल्याचा चुरा चिकटून येतो. खाली नांगर धरेल की नाही, ते त्यावरून कळतं. बाजूला काहीतरी ठसा आहे, पण तो घासला गेलाय.

दुसरी वस्तू मोडीतला एक कागद. चार बोटं रुंद, एक कोपरा कसरीने खाल्लेला, दहा ओळी. मला मोडी येत नाही. दोन्हींचे फोटो टाकतोय, कागदावरचं नाव तेवढं झाकलं आहे. वडीलधाऱ्यांना न विचारता नाव-आडनाव इथे द्यायचं नाही असं ठरवलंय.

त्याचं आयुष्य जितकं सापडेल तितकं शोधायचं आहे. सुरुवात कुठून करू?

मोडीवेडी:

फोटो तिरप्या उन्हात काढून परत टाका, शाई उठून दिसेल. आत्ता वाचता येतंय तेवढं सांगते. वरच्या ओळीत "छ १२ रबिलावल" स्पष्ट आहे. सनही आहे, पण मधला शब्द कसरीच्या भोकात गेलाय.

खाडीकाठचा:

मोडीवेडी, सकाळच्या उन्हात काढलेले नवे फोटो टाकले आहेत. कागद मागून उजेडात धरूनही एक काढलाय.

मोडीवेडी:

मागून उजेड दिलात ते फार बरं झालं. सन आहे "खमस समानीन मया व अलफ". ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते. खमस म्हणजे पाच, समानीन ऐंशी, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे ११८५. हा सुहूर सन, तो मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. "छ" म्हणजे चंद्रदर्शनापासून मोजलेली तारीख. त्या साली रबिलावल महिना जानेवारी-फेब्रुवारीत पडतो, म्हणून हा कागद जानेवारी १७८५ च्या अखेरचा. समान म्हणजे आठ आणि समानीन म्हणजे ऐंशी, इथे नवखे हमखास चुकतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, म्हणून मी तीनदा पडताळून पाहिलं.

मजकुराचा सारांश असा. कागद गावच्या अधिकाऱ्याला लिहिलेला आहे. मशारनिल्हे (म्हणजे वर नाव आलेले) तांडेल सरकारी गलबतावर चाकरीस आहेत, सबब त्यांच्या घरास वेठबेगार लावू नये, पूर्वी लावली असल्यास मना करावी. पुढच्या दोन ओळी कसरीने नेल्यात. मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का, आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. "चाकरीस आहेत" असं वर्तमानात लिहिलंय.

मु_पो_देवगड:

मोडीवेडी यांनी शेवटी जे लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे.

आमच्या भागात "धुळपांच्या आरमाराची इंग्रजांशी लढाई" म्हटलं की डोळ्यापुढे एकच लढाई येते, एप्रिल १७८३ ची. सालबाईचा तह १७८२ सालीच झाला होता. तरी मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलं कंपनीचं रेंजर जहाज रत्नागिरीजवळच्या समुद्रात आनंदराव धुळपांनी गाठलं आणि घनघोर लढाईनंतर पकडून विजयदुर्गात आणलं. जहाजावर कंपनीचे बडे लष्करी अधिकारी होते. त्यांतला कर्नल हंबरस्टन जखमांनी दगावला. आरमाराकडचीही बरीच माणसं कामी आली. तुमचा तांडेल त्या लढाईत असणं अगदी शक्य आहे. पण जानेवारी १७८५ मध्ये तो चाकरीत असेल तर त्या लढाईत तो मेला नाही.

त्याआधीची मोठी लढाई म्हणजे फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांचं आरमार विजयदुर्गाखाली जाळलं ती. १७८५ चा कागद हातात असताना ती आपोआप बाद होते. नंतर १८१८ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला, तेव्हा तो फारच म्हातारा असता.

खाडीकाठचा:

रात्री हे वाचलं आणि झोप लागली नाही. वडील गेले तेव्हा मी लहान होतो. त्यांनी मला सांगितलेल्या मोजक्या गोष्टींतली ही एक, "आपल्या घरातला एक माणूस इंग्रजांशी लढून मेला." आता ती खोटी ठरतेय असं वाटतंय. मोडीवेडी, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. तरीही आभार.

जुने_नाणे:

ओळंब्याच्या ठशाचा फोटो मोठा करून पाहिला. बदामासारखा आकार, आडव्या-उभ्या रेघांनी चार भाग, आणि वर इंग्रजी चारसारखी खूण दिसतेय. ही ईस्ट इंडिया कंपनीची गाठोड्यांवर मारायची खूण. चार भागांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं असतात. १७९१ पासून मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅमच्या सोहो टांकसाळीतून कंपनीचे तांब्याचे पैसे निघाले त्यांवर एका बाजूला हीच खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि फारसीत "अदल". तुमच्या जवळपास कुणाकडे तो पैसा असेल तर शेजारी ठेवून बघा.

शिसं मऊ असतं, पावडर लावून घासू नका. कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस.

मु_पो_देवगड:

मग सरळ आहे, ती लूट. रेंजरवरचं सामान विजयदुर्गात उतरवलं गेलं. तांडेलाला ओळंबा मिळाला, त्याने घरी नेला. तांडेल म्हणजे गलबतावरच्या खलाशांचा म्होरक्या, ओळंबा त्याच्याच कामाची वस्तू.

गुराबवाला:

देवगडकर, शक्य आहे, पण दुसरी शक्यताही तितकीच मोठी आहे. तो पुढे कंपनीच्याच चाकरीत गेला असेल.

आपण आज "आपलं आरमार" आणि "इंग्रजांचं आरमार" अशी सरळ रेघ मारतो. खलाशाच्या पोटाला ती रेघ दिसत नव्हती. बॉम्बे मरीन या कंपनीच्या आरमाराची गलबतं चालवणारे हात याच किनाऱ्यावरचे. गुराब आणि गलबत हे शब्दच इंग्रजांनी आपल्याकडून घेतले. कोळी, भंडारी, गाबीत, खारवी, दालदी, ज्याला शीड आणि वारा कळतो तो जिथे रोजमुरा (पगार) वेळेवर मिळेल तिथे जाई. आरमाराचा रोजमुरा तटल्याच्या तक्रारी जुन्या कागदांत भरपूर आहेत. शिवाय १८०३-०४ चा दख्खनचा दुष्काळ विसरू नका. मुंबईत तेव्हा वाडियांची गोदी जोरात होती. त्या घराण्यातले लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आले तेव्हापासून तिथे मोठी जहाजं बांधली जात होती. तिथेच बांधलेलं १८१७ सालचं त्रिंकोमाली जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाहायला मिळतं. अशा जागी कसलेल्या तांडेलाला काम मिळणं अवघड नव्हतं.

मु_पो_देवगड:

गुराबवाला, तुमचा मुद्दा पटतो, पण पुराव्याशिवाय एखाद्याच्या पूर्वजाला कंपनीच्या पगारावर बसवू नये असं मला वाटतं. घरातल्या माणसांसाठी ती साधी गोष्ट नाही.

फोर्टातला_वाचक:

कंपनीच्या कागदांत शोधायचं असेल तर मी चुकलोय तिथे तुम्ही चुकू नये म्हणून लिहितो.

मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मरीन खात्याच्या डायऱ्या आहेत. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात जहाजांच्या रोजनिशा आणि पगारपट आहेत. मी एका खलाशासाठी चार वर्षं यांच्या मागे होतो. मुख्य अडचण अशी की साध्या देशी खलाशाचं नाव बऱ्याचदा नोंदवलेलंच नसतं. गोऱ्या खलाशांची नावं असतात, देशी खलाशांचा आकडा असतो. भरती सारंगामार्फत (तांडेलाच्या वरचा खलाशांचा मुखिया) होई, पैसेही त्याच्या हाती जात. म्हणून नाव आलंच तर सारंगाचं, फार तर तांडेलाचं येतं. तेही ऐकू आलं तसं लिहिलेलं. एकच नाव पाच तऱ्हांनी सापडेल. इंग्रजी कागदांत तांडेलाचा "टिंडल" होतो आणि सारंगाचा "सेरंग", ते शब्द धरून शोधा.

हा माणूस विलायतेला गेला असेल असंही मनात आणू नका लगेच. तिकडच्या नौकानयन कायद्याने जहाजावर तीन चतुर्थांश खलाशी ब्रिटिश असावे लागत. युद्धकाळात ती अट सैल होई. लंडनला पोचलेल्या आपल्या खलाशांचे हाल इतके झाले की १८१४-१५ मध्ये पार्लमेंटच्या समितीला चौकशी करावी लागली. पण बॉम्बे मरीनची गलबतं मुख्यतः इथल्या किनाऱ्यावर, इराणच्या आखातात, तांबड्या समुद्रात फिरत. ते खातं १८३० मध्ये इंडियन नेव्ही झालं आणि १८६३ मध्ये मोडलं.

माझा अनुभव सांगतो. मला माझा माणूस जहाजाच्या कागदांत सापडला नाही, जमिनीच्या कागदांत सापडला. दर्यावर्दी माणूस समुद्रावर खूण ठेवत नाही, पण घर, शेत, वेठ, कर्ज, श्राद्ध ही सगळी किनाऱ्यावरच राहतात. तुमचा मोडी कागदसुद्धा शेवटी वेठीचाच आहे, बघा.

मोडीवेडी:

+१. पुण्याच्या पेशवे दप्तरात आरमाराचे रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत तेही बघा. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांना बालपरवेशी मिळत असे, तिच्या नोंदी मिळतात. तुमच्या घराला बालपरवेशी मिळाल्याचा काही मागमूस आहे का? इनाम, सूट, काहीही?

खाडीकाठचा:

नाही. शेत खोताचं होतं, आमचं कूळ. इनाम वगैरे कधीच नव्हतं. आत्याला विचारलं, तीही नाही म्हणाली.

सड्यावरची:

मी या भागातली सून, गेली पन्नास वर्षं इथेच. सगळा धागा आज बसून वाचला. मोडी, सन, ठसे यातलं मला काही कळत नाही. पण आजीचं वाक्य परत वाचा हो. "परत इलोच नाय." आमच्याकडे माणूस मेला तर "मेलो" म्हणतात, "गेलो" म्हणतात, "दर्यान् नेलो" म्हणतात. "परत इलोच नाय" म्हणजे आला नाही, एवढंच. तुमच्या आजींनी तो मेला असं कधी म्हटलंच नव्हतं.

आणि तिथीचं. लढाईत गलबतावरचा माणूस पडला तर बरोबरचे गाववाले घरी येऊन सांगतात ना, अमुक दिवशी गेला म्हणून? त्या दिवसाची तिथी घर कधी विसरत नाही. मराठी आरमारात तर सगळे आसपासच्या गावांतलेच. तिथी माहीत नाही, याचा अर्थ निरोप घेऊन कुणी आलंच नाही.

मुलगा म्हणून सांगते, वाईट वाटून घेऊ नका.

खाडीकाठचा:

काकू, तुमचा प्रतिसाद किती वेळा वाचला ते मोजलं नाही. आजीचं ते वाक्य मी चाळीस वर्षं ऐकतोय. "मेलो" हा शब्द आम्हीच त्यात घातला.

फोर्टातला_वाचक:

काकूंनी दोन परिच्छेदांत जे काढलं ते मला दप्तरात बसून सुचलं नसतं. खाडीकाठचा, आता तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघा. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, गोकर्ण, तुमच्या घराण्याची परंपरा कुठली असेल तिथे. मूळ गाव, जात आणि कुळातली माहीत असलेली दोन-तीन नावं घेऊन जा. आडनावावर विसंबू नका, त्या काळी ते बदलत असे. श्राद्धाला आलेला माणूस स्वतःच्या हाताने आई, वडील, आजोबा, भाऊ सगळ्यांची नावं लिहून खाली गाव लिहितो. असला कागद सरकारी दप्तरात मिळायचा नाही.

खाडीकाठचा:

सात महिन्यांनी परत येतोय. वाचनखूण साठवून थांबलेल्या सगळ्यांची माफी मागतो. आधी मोडीचा वर्ग केला, मग शोधाला लागलो.

पुण्याचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. आठ दिवस बसलो. रुमालाची गाठ सोडली की जुन्या कागदाचा जो वास येतो तो अजून हातांना आहे. गलबतांचे हिशेब पाहिले, दोरखंड, डांबर, भात, दारूगोळा. माणसांपुढे बहुतेक ठिकाणी नुसतं "असामी" आणि आकडा. आमचा माणूस त्या आकड्यांत कुठेतरी असेल, पण नावाने भेटला नाही. बालपरवेशीच्या ज्या नोंदी पाहिल्या त्यांतही नाही.

मग त्र्यंबकेश्वर. आमच्या भागाच्या वह्या ज्या घराण्याकडे आहेत ते गुरुजी फार मायेने वागले. लांबट, आडव्या पानांच्या वह्या, लाल कापडात बांधलेल्या. दोन दिवस गावाचं नाव धरून पानं उलटली. दुसऱ्या दिवशी दुपारी नोंद मिळाली. शके १७३१, म्हणजे १८०९-१०. वडिलांच्या श्राद्धासाठी आलेले दोन भाऊ. वडिलांचं नाव आमच्या तांडेलाचं, आजोबांचं आणि पणजोबांचं नाव आमच्या वंशावळीशी जुळणारं. पहिल्या भावाचं नाव म्हणजे आमच्याच वंशावळीतला पुढचा पुरुष, ज्याच्यापासून आम्ही सगळे. गाव आमचं.

दुसऱ्या भावाचं नाव आमच्या वंशावळीत कुठेच नाही. त्याने गाव लिहिलंय, "हल्ली वस्ती मुंबई, माझगाव." आणि आईचं नाव वेगळं लिहिलंय.

तिथे बसल्या बसल्या मला काही वेळ पुढचं वाचता येईना. गुरुजींनी पाणी दिलं.

मला जे वाटतं ते लिहितो. पुरावा म्हणून नाही, मला वाटतं म्हणून. १७८५ नंतर कधीतरी तो मुंबईला गेला. तिथे कंपनीच्या चाकरीत राहिला असावा, ओळंब्यावरचा ठसा तेच सांगतो. माझगावात दुसरा संसार केला. गावी परत आला नाही. तो वारल्यावर मुंबईच्या मुलाने गावच्या भावाला शोधून काढलं किंवा निरोप धाडला, आणि दोघांनी मिळून बापाचं केलं. ओळंबा तेव्हा आमच्या घरी आला असेल. जो माणूस घरी परतलाच नाही त्याच्या हातातली वस्तू घरात यायला दुसरी वाट मला दिसत नाही. मग गावच्या भावाने आपल्या आईला काय सांगितलं असेल? बहुधा काहीच नाही. तिच्यासाठी तो लढाईवर गेलेलाच राहिला, आणि तिथीसुद्धा घरात आली नाही.

मु_पो_देवगड:

माझी लूट मी मागे घेतो. दोन सावत्र भाऊ त्या काळात मुंबईहून आणि वाघोटनहून निघून त्र्यंबकला एकत्र जातात, हे मला कुठल्याही लढाईपेक्षा मोठं वाटतंय.

मोडीवेडी:

त्या पानाचा फोटो गुरुजींच्या परवानगीने काढलात का? नोंदीत तिथी असेल, श्राद्धाची तिथी बहुधा लिहितात. नीट बघा.

खाडीकाठचा:

आहे. वद्य पक्षातली आहे. दोन्ही भावांच्या सह्यांच्या वर, मुंबईच्या भावाच्या हातची. अक्षर गोल, सराईत. आमच्या पूर्वजाचं अक्षर मात्र अडखळत काढलेलं.

काल गावी जाऊन आत्याला सगळं सांगितलं. ती एकोणऐंशी वर्षांची आहे, ओटीवर बसून ऐकत होती. मध्ये एकदाही बोलली नाही. मग तिने विचारलं, "तिचा नाव काय होता? माझगाववालीचा?" मी सांगितलं. तिने ते दोनदा उच्चारून बघितलं आणि म्हणाली, यंदा तिथीला त्याचं पान वेगळं वाढू, आणि त्याच्याबरोबर दोघींचं.

माझगाव, डोंगरी, उमरखाडी भागातलं जुनं घराणं असेल, मूळ वाघोटन खाडीकाठचं असं घरात सांगत असतील आणि पूर्वज तांडेल असेल, तर मला व्यक्तिगत निरोप करा. नाव इथे नको. आजोबा-पणजोबांच्या पलीकडची दोन नावं सांगितलीत तरी मला कळेल.